पाच अक्षरी वकील

आमच्या शेजारचे दत्तोपंत वकील सकाळी उठल्यावर देवाचं नाव घेत नसत. मोरीवर उकिडवे बसून, दातांना राखुंडी लावता लावता ते ओरडत, "पाच अक्षरं. मधी डबल ओ. शेवट डी." मग चूळ भरत, थुंकत आणि पुन्हा ओरडत, "ब्लड. फ्लड. दोन्ही बसतात. हरामखोर."

हा हरामखोर कोण, हे मला लग्न होऊन कळमनुरीला आल्यावर बरेच दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं दूधवाला असेल. त्यांच्या आमच्या घरात मातीची एकच भिंत, तीही वरपर्यंत गेलेली नव्हती. इकडं माझं लेकरू नुकतं डोळा लावायचं आणि तिकडून डबल ओ यायचा. मी एकदा यजमानांना म्हटलं, "त्यांना सांगा ना काहीतरी." तर ते म्हणाले, "मी सांगितलं तर ते मला अक्षरं मोजायला लावतील. तू झोपव त्याला परत."

प्रकार असा होता. मुंबईहून इंग्रजीत एक साप्ताहिक निघायचं, त्यात शब्दांची स्पर्धा असायची. एक वाक्य द्यायचे, त्यातला एक शब्द गाळलेला. शब्द इतक्या अक्षरांचा, त्यातली दोनतीन अक्षरं छापलेली, बाकीची आपण भरायची. टपाल हिंगोलीहून यायचं. ज्या दिवशी अंक यायचा त्या दिवशी वकील सकाळपासून ओट्यावर येरझाऱ्या घालायचे, आणि टपालवाला दिसला की आधी त्याच्यावर खेकसायचे. त्यानं तोवर काहीच केलेलं नसायचं.

गंमत ही की ती वाक्यं मुद्दाम अशी लिहिलेली असायची, की एका जागी दोन शब्द नाहीतर तीन शब्द बसावेत. त्यातला कुठला बरोबर ते संपादक पुढच्या अंकात सांगणार. म्हणजे संपादकाच्या मनात जो असेल तो. वकिलांचं सगळं डोकं तिथं उठायचं.

मी त्यांना एकदा भिंतीवरूनच विचारलं, "काका, एवढा राग येतो तर खेळता काहून?"

"सूनबाई," ते म्हणाले, "मी कोर्टात जातो. तिथं मुन्सिफाच्या मेव्हण्याला वळखणारा जिंकतो. तहसिलीत जातो, तिथं कोण कोणाचा हे पाहून काम होतं. साऱ्या निजामाच्या राज्यात बराबर उत्तर छापून येतं अशी एक जागा मला सापडली. आन् तिथं बी हा माणूस लबाडी करून राहिला. मग मी सोडू काय त्याला?"

त्यांनी त्या संपादकाला वकिली नोटीस पाठवली होती, इंग्रजीत, पान भरून. उत्तर आलं नाही. त्यावर दुसरी नोटीस पाठवली, पहिल्या नोटिशीचं उत्तर न दिल्याबद्दल.

वकिलांची बायको मी यायच्या आधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. स्वयंपाक स्वतःच करायचे, म्हणजे चुलीशी भांडायचे. मी कधी भाजी पाठवली तर वाटी परत येताना निरोप यायचा, "तिखटाचं एक अक्षर जादा पडलं." माझा असा संताप व्हायचा की पुढच्या वेळी मी मुद्दाम दोन अक्षरं जादा घालायची. ते निमूट खायचे आणि वाटी घासून पाठवायचे.

त्यांच्या जगात माणसंही शब्दांसारखीच होती. एका सावकाराला ते 'सायलेंट के' म्हणायचे. "नाइफ लिहायचं तर पुढं के पाहिजे, आन् बोलायचं तर के न्हाई. मग तो तिथं उभा राहून करतो काय? फुकट बसून खातो." नवऱ्याच्या मागं मागं चालणारी बाई दिसली की म्हणायचे, "क्यूमागं यू चालली." मला ए बी सी डी येत नव्हती, तरी क्यूच्या मागं यू येतोच, हे ज्ञान मला त्या भिंतीतून झालं.

या क्यूनंच एकदा घात केला. कोर्टात त्यांच्या अशिलाची, डोंगरकड्याच्या एका शेतकऱ्याची, बांधाची तक्रार चालली होती. समोरचा वकील बोलत होता. आमचे वकील मान खाली घालून बसले होते, आणि डोक्यात चाललं होतं, पाच अक्षरं, सुरुवात क्यू, शेवट टी, मधी तीन स्वर, म्हाताऱ्याला पाहिजे असतं आणि लेकराला नको असतं. तेवढ्यात मुन्सिफसाहेबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि आमचे वकील ताडकन उभे राहून गरजले, "क्वाएट."

मुन्सिफसाहेबांना नेमकं तेवढं इंग्रजी येत होतं.

दत्तोपंतांना कोर्टाबाहेर जायला सांगितलं गेलं. बाहेर अशिलानं विचारलं, "साहेब, काय झालं?" तर हे म्हणाले, "शब्द सापडला." तो बिचारा खूष होऊन घरी गेला. त्याला वाटलं आपण जिंकलो.

या सगळ्या वेडात त्यांना एकच सोबती होता. मजहर मास्तर. सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. तेही एकटे. मुलगी हैदराबादेला दिलेली. रोज उन्हं कलली की काखेत जाडजूड डिक्शनरी घेऊन मास्तर हळूहळू चालत यायचे आणि वकिलांच्या ओट्यावर बसायचे. वकील ओरडायचे, मास्तर पानं उलटायचे. "वकीलसाब, ये लफ्ज छह हरूफ का है," शब्द सहा अक्षरांचा आहे, एवढंच ते म्हणायचे, आणि वकील कपाळावर हात मारायचे. मास्तरांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. वीस वर्षं त्यांचं असं चाललं होतं म्हणे.

ते मोडलं एका चार अक्षरी शब्दावरून.

पहिलं अक्षर गाळलेलं, पुढं ई, ए, टी. वाक्याचा अर्थ मास्तरांनी मला नंतर सांगितला. बाजाराच्या दिवशी गरिबाला हे चांगलं मिळत नाही. वकील म्हणाले, "सीट. बसायची जागा. बाजारच्या दिवशी मोटारीत गरीब माणूस टपावर बसतो. साधी गोष्ट आहे."

मास्तर म्हणाले, "मीट. गोश्त. गरीब को हड्डी मिलती है."

"सीट."

"मीट बैठता है, वकीलसाब. बाजार का दिन लिखा है."

असं बराच वेळ चाललं. मी भिंतीआड भाकरी थापत होते. मला हसू येत होतं. आणि मग वकील चिडून म्हणाले, "तुमा लोकाले तर सगळीकडं मटनच दिसते."

एरवी हे वाक्य हवेत विरून गेलं असतं. पण ते दिवस तसे नव्हते. गावात रझाकारांच्या कवायती सुरू झाल्या होत्या. लोक एकमेकांकडं पाहताना आधी टोपी पाहायचे. भिंतीपलीकडं डिक्शनरी मिटल्याचा आवाज आला. मास्तर म्हणाले, "तुमा लोकाले. कौन लोक, वकीलसाब?" उत्तराची वाट न पाहता ते उतरून गेले.

पुढच्या अंकात उत्तर आलं. मीट.

त्या दिवशी वकील अंक हातात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले. मी दारातून पाहत होते. मास्तरांच्या दाराच्या अलीकडं थांबले, टोपी नीट केली, आणि वळून परत आले. मी न राहवून म्हटलं, "काका, चार पावलं राहिली होती."

"मला रस्ता माहीत आहे," ते म्हणाले.

मला त्या माणसाचा इतका राग आला की मी त्यांना भाजी पाठवणं बंद केलं. सगळ्या जगाला बरोबर काय ते सांगत फिरायचं, आणि आपलं चुकलं एवढं म्हणायला जीभ उचलायची नाही. मास्तर उन्हं कलली की आता स्वतःच्या ओट्यावर बसायचे. वकील स्वतःच्या ओट्यावर. मधी सगळी गल्ली. वकिलांचं ओरडणं चालूच होतं, उलट वाढलं होतं, कारण छापलेली अक्षरं सोडली तर समोर कोणीच नव्हतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. गावातली कितीतरी घरं रातोरात कुलपं लावून उमरखेड-पुसदकडं, सरहद्दीपलीकडं निघून गेली. वकील गेले नाहीत. आम्हीही राहिलो. यजमानांच्या आईला हलवता येत नव्हतं. जे सोसलं ते सोसलं, त्याबद्दल मी इथं लिहीत नाही.

मग अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली. फौज आली, निजामाचं राज्य गेलं. लोकांनी गुलाल उधळला, मीही दारात रांगोळी काढली. आणि गुलाल वाळायच्या आत काही लोक लाठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघाले. त्यांतल्या काहींनी खरोखर मार खाल्ला होता. पुष्कळांनी काहीच खाल्लं नव्हतं. ज्यांनी जुलूम केला ते केव्हाच हैदराबादला पळाले होते. मागं राहिले होते विणकर, अत्तरवाले आणि मास्तर.

त्या सकाळी वकील मोरीवर ओरडले नाहीत. मी चमकून बाहेर आले, तर ते काळा कोट घालून तरातरा गल्लीच्या टोकाला निघाले होते. मास्तरांच्या दारात उभे राहून त्यांनी मास्तरांशी न बोलता दाराशीच बोलावं तसं सुरू केलं.

"ही भिंत पडायला आली आहे. पावसानं फुगली आहे. कोणी आत मेलं तर गल्लीतल्या लोकांना कोर्टात साक्षीला जावं लागेल. मला वेळ न्हाई. घर खाली करा."

भिंत चांगली धडधाकट होती. मास्तर दारात आले, भिंतीकडं पाहिलं, वकिलांकडं पाहिलं. वकील आत घुसले, ट्रंक उचलली आणि चालू लागले. मास्तर डिक्शनरी घेऊन त्यांच्या मागून आले.

लोक आले दुपारी. पंधरावीस असतील, सगळे ओळखीचे. पुढं किसन होता, बाजारात बैलांची दलाली करणारा. वकील आपल्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. मी आमच्या दाराच्या फटीतून पाहत होते.

"वकीलसाहेब, बाजूला व्हा," किसन म्हणाला. "तुमचं यात काही काम न्हाई."

"माझ्या घरात माझं काम न्हाई?"

"आत मास्तर हाय."

"हाय. बराबर. पुढं बोल."

"त्यांनी आमाला लई तकलीफ दिली."

"कोणी दिली?"

"त्यांनी."

"त्यांनी म्हणजे कोणी? नाव घे. मास्तरानं दिली? काय दिली? तुला वर्गात उभं केलं असेल. तुझं इंग्रजी पाहून मी बी केलं असतं."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. किसनचा चेहरा लाल झाला. "मास्तरानं न्हाई. पर त्यांच्या लोकायनं."

वकील उठले. आणि मग त्या माणसानं जो तोंडाचा पट्टा सोडला, तो मी जन्मात विसरणार नाही. आयुष्यभर त्यांनी जो राग टपालवाल्यावर, चुलीवर, संपादकावर वाया घालवला होता, तो सगळा त्या दिवशी कामाला आला. त्यांनी एकेकाला नावानं हाक मारून विचारलं. तुझं घर कोणी लुटलं, नाव सांग, दिवस सांग, साक्षीदार सांग. ज्याचं खरंच लुटलं होतं त्याला म्हणाले, "तुझी फिर्याद मी फुकट लढतो, उद्या ये. आज चाल निघ." ज्याचं लुटलं नव्हतं त्याची सात पिढ्यांची लबाडी काढली. "लोक, लोक करून राहिलास. लोक नावाचा माणूस मला दाखव. मी बी एकदा ते तोंडातून काढलं होतं. त्याची घाण अजून जात न्हाई."

घसा फुटेस्तोवर ते ओरडत राहिले. शेवटी नुसती खरखर येत होती, तरी हात चालू होते.

लोक गेले. पण लाजून घरी गेले असं कोणी समजू नये. ते पुढच्या गल्लीत गेले. तिथं दारात खुर्ची टाकून बसलेलं कोणी नव्हतं. तिथून जे आवाज आले ते ऐकत वकील उंबऱ्यात उभे होते, आणि त्यांच्या घशातून एकही शब्द निघत नव्हता. एवढा असहाय राग मी कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. माझ्याही अंगाची आग आग होत होती. अजून होते.

त्यानंतर मास्तर वकिलांकडंच राहिले. फौजेचा बंदोबस्त लागेपर्यंत त्यांना बाहेर पडणं शक्यच नव्हतं. दोघं एका खोलीत, एका हाताच्या अंतरावर, आणि बोलणं नाही. वकिलांचा आवाज जरा फुटू लागला की ते माझ्याकडं वळायचे.

"सूनबाई, त्यांना विचार, ज्वारीची भाकर चालते का."

मास्तर शेजारीच बसलेले. "बेटी, उनको बोलो, बीस साल से चलती है."

"त्यांना सांग, खाट त्यांनी घ्यावी. मी खाली निजतो."

"उनको बोलो, खटमल मुझे भी काटते हैं."

मी वैतागून म्हटलं, "मला चुलीवर दूध आहे. तुमचं तुमी पाहा."

दुसऱ्या दिवशी वकिलांचा आवाज पार गेला. मास्तरांनी माझ्याकडून मीठ मागून घेतलं, पाणी गरम केलं, वकिलांना गुळण्या करायला लावल्या. ज्येष्ठमधाची काडी त्यांच्या तोंडात दिली आणि म्हणाले, "अब चुप बैठो." वकील मुकाट बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांना मधी कोणी न तोडता बोलायला मिळालं होतं, पण ते डिक्शनरीची पानं उलटत बसले.

थोड्या वेळानं वकिलांनी खुणेनं माझ्या लेकराची पाटी मागितली, ती मी नेऊन दिली. पेन्सिलीनं काहीतरी इंग्रजीत लिहिलं आणि पाटी मास्तरांपुढं सरकवली. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं.

"मीट था," ते म्हणाले. "मालूम है. वो परचा मैं भी मंगवाता हूँ, वकीलसाब. कबसे मालूम है."

वकिलांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की घसा शाबूत असता तर गल्ली हादरली असती. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज नसल्यामुळं मला ते कळायला जरा वेळ लागला.

पुढं गाव शांत झालं. रस्ते सुरू झाल्यावर मास्तरांचा जावई हैदराबादहून त्यांना न्यायला आला. मास्तर जायला तयार नव्हते, पण मुलीनं गळ घालून सांगून पाठवलं होतं, आणि पुढच्या गल्लीत आता त्यांच्या ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. हिंगोलीला पूर्णेची गाडी धरायची म्हणून बैलगाडी सांगितली. वकील सकाळपासून सगळ्यांवर चिडले होते. गाडीवानाला म्हणाले, "गवत एवढंच टाकलंस? म्हातारं माणूस आहे, दगड न्हाई." जावयाला म्हणाले, "हैदराबादेत काय ठेवलंय? तिथं माणसाला माणूस वळखत न्हाई."

मास्तर गाडीत बसले. त्यांनी माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. वकिलांना म्हणाले, "वकीलसाब, गुस्सा थोडा बचाके रखो."

वकील म्हणाले, "बैल नीट हाक रे." ते गाडीवानाला म्हणाले. गाडीच्या चाकाशेजारून ते गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत चालत गेले, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर मी ओसरीवर तूर निवडत बसले होते. वकील आमच्या दारात येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते कधी आमच्या घरात आले नव्हते, जे काय बोलणं व्हायचं ते भिंतीवरून.

"सूनबाई," ते म्हणाले, "घरात काही काम आहे का? काही निवडायबिवडायचं?"

मी सरकून त्यांना जागा दिली. दुसरं सूप आणलं, त्यात दोन ओंजळी तूर ओतली आणि त्यांच्यापुढं ठेवली. ते मांडी घालून बसले आणि निवडू लागले. खडे ओळखायला त्यांना जमत नव्हतं. चांगले चांगले दाणे उचलून ते बाजूला टाकत होते आणि खडे सुपातच राहत होते. दुसरा कोणी असता तर मी दोन शब्द सुनावले असते. अंधारून येईपर्यंत आम्ही तसेच बसलो. ते टाकत गेले, आणि त्यांचं लक्ष नसताना मी एकेक दाणा उचलून परत सुपात ठेवत गेले.